उंबरदरीला वापर नाही

संध्याला तो वर्ग मनापासून आवडला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल, की डोंगरातली बिचारी नर्स आणि शहरातला दीडशहाणा साहेब यांची ही नेहमीची गोष्ट आहे. तसं काही नाही. भांडायला समोर वाईट माणूस लागतो, आणि तो इथे शोधूनही सापडत नाही. खरं दुखणं तेच आहे.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत एका सेवाभावी संस्थेचं छोटं इस्पितळ होतं. त्याच संस्थेचे बाहेर दवाखाने होते: एक देवळ्याला, एक चांदवडला आणि एक पेठच्याही पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून, उंबरदरीला. उंबरदरीचा दवाखाना म्हणजे संध्याच. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही जीप चालू असली तर. बाकी ताप, बाळंतपण, कोयत्याचा घाव, जे येईल ते तिच्या अंगावर.

२००१ च्या गणपतीनंतर संस्थेने सगळ्या नर्सना पंचवटीत बोलावलं. किशोर नावाचा नवा भांडारप्रमुख आला होता, पुण्याहून कोर्स करून. त्याने फळ्यावर ‘लॉजिस्टिक्स’ असा शब्द लिहिला, बायकांची तोंडं पाहिली, आणि पुसून टाकला.

“घरी माठ केव्हा भरता?” त्याने विचारलं.

“रिकामा झाला की,” कुणीतरी म्हणालं.

“आणि नळ संध्याकाळी येणार असेल, घोटभर पाणी उरलं असेल आणि दारात पाहुणे आले तर?”

बायका हसल्या. मग तो सांगत गेला. माठाला आतून एक खूण असावी. पाणी त्या खुणेला आलं की भरायला निघायचं. खूण किती वर ठेवायची, ते दोन गोष्टींवर ठरतं: घरात पिणारी तोंडं किती, आणि पाणी किती लांबून आणायचंय. लोणचं जुनं आधी काढतो, तशी औषधंही जुनी आधी काढायची. आणि ज्याच्या घरी कुणी पीतच नाही, त्याच्याकडे भरलेला माठ ठेवून शेजाऱ्याला तहानलेलं मारायचं नाही. सांगायला गोड, ऐकायला सोपं. संध्याला वाटलं, नर्सिंगच्या तीन वर्षांत हे कुणी असं का नाही शिकवलं?

शेवटी किशोरचा आवाज जरा बदलला. आदल्या पावसाळ्यात चांदवडच्या दवाखान्यात साप चावलेली एक शाळकरी पोर आणली होती. तिथली सापाची लस संपली होती. पोर गेली. आणि त्याच महिन्यात संस्थेच्या दुसऱ्या एका फ्रिजमधल्या त्याच लशीच्या बाटल्या तारीख उलटली म्हणून खड्ड्यात पुरल्या गेल्या, एकही न फोडता. “पडून राहिलेलं औषध म्हणजे औषध नव्हे,” तो म्हणाला. “काचेतलं पाणी.”

दवाखान्याचं नाव त्याने घेतलं नाही. गरजही नव्हती. खड्डा संध्याने स्वतः उभं राहून खणून घेतला होता. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून ती घाटभर रडली, आणि डोळे पुसून तिने ठरवलं, की उंबरदरीत ती लस वापरली जाईल. काय वाट्टेल ते होवो.

आता उंबरदरीत साप चावत नव्हते असं थोडंच होतं? भाताची खाचरं, नागलीचे उतार, कुडाची घरं. सापांचं तर ते माहेरच होतं. पण साप चावला असं तिथे कुणी म्हणतसुद्धा नाही. नाव घेतलं तर तो ऐकतो. ‘पान लागलं’ म्हणायचं, आणि माणसाला झोळीत घालून झिपरू भगताकडे पळायचं. झिपरू मंतरलेला तांदूळ टाकायचा, रात्रभर माणसाला जागवायचा. काही उठून चालू लागायचे, कारण दर दंशात विष अंगात जातंच असं नाही. त्यांच्यामुळे झिपरूचं नाव व्हायचं. जे मरायचे त्यांची वेळ भरलेली असायची. असा बिनतोट्याचा धंदा नाशिकच्या मेन रोडलाही कुणाचा नसेल.

संध्या मात्र झिपरूशी भांडायला गेली नाही. ती त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. सोबत भागीबाईला नेलं. भागीबाईला दोन मुलगे, मंगळू आणि केरू. मंगळूच्या बायकोचं अडलेलं बाळंतपण संध्याने सोडवलं होतं, तेव्हापासून भागीबाई तिची माणूस झाली होती. पाड्यावर तिचा शब्द चाले, आणि जीभही.

“भगत,” संध्या म्हणाली, “तुमचं तुम्ही करा. फक्त माझ्या दवाखान्यात येऊन करा. तुम्ही उशाशी बसा, मी हाताशी बसते.”

झिपरूने चिलीम बाजूला ठेवली. “आन् मानूस उठला तं कोनामुळं उठला म्हनायचं?”

“तुमच्यामुळं म्हणा. मला काय, मला पगार आहे.”

भागीबाई खो खो हसली. म्हातारा पण हसला. लबाड खरा, पण कोडगा नव्हता. मेलेले त्याला आठवत असावेत.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, सगळा पाडा वाघदेवाच्या दगडापाशी जमतो. वर्षभराचे गावचे ठराव तिथेच होतात, आणि तिथे बोललेला शब्द मागे घेता येत नाही. त्या वर्षी झिपरूने उठून सांगितलं, की पान लागलं तर आधी बाईच्या दवाखान्यात न्यायचं, मी तिथं येईन. लोक चपापले. एका म्हातारीने विचारलं, “आन् दवाच नसला तं?”

भागीबाईने तांदळाची मूठ संध्याच्या हातात दिली. “सांग बाई. देवाम्होरं सांग.”

“औषध इथं आहे,” संध्या म्हणाली, “आणि इथंच राहील.” तिने तांदूळ दगडावर वाहिला. त्या दिवशी तिला स्वतःचाच अभिमान वाटला. का नाही वाटणार?

दिवाळी झाली आणि पाडा ओस पडला. दरवर्षीच पडतो. दिवाळीनंतर तिकडच्या शेतात काम नसतं. माणसं बायकापोरांसह, कोंबड्या टोपलीत घालून, दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांवर जातात. बागेतच खोपट, बागेतच चूल. परत येतात ती मृगाच्या तोंडावर, आवणीसाठी, म्हणजे भाताची रोपं लावायला. मधल्या काळात उंबरदरीत म्हातारे, कुत्री आणि संध्या. लशीच्या बाटल्या फ्रिजमध्ये गार बसून होत्या. त्या कुणाला लागणार? ज्यांना साप चावायचा, ते घाटापलीकडे तुमच्याआमच्यासाठी द्राक्षं खुडत होते.

जूनच्या सुरुवातीला संस्थेची जीप आली. ड्रायव्हर गेणू शीतपेटी घेऊन उतरला. “सिस्टर, सापाची लस द्यायची. तारीख जवळ आलीय ना, देवळ्याला वापरून टाकतील. जुनं आधी.”

“आणि नवी?”

“पुढच्या फेरीला, सायबांनी सांगितलंय. गरजेपरमाणं सगळ्यांची येनार.”

संध्याला वाघदेवापुढचा शब्द आठवला. पण तारीख खरोखरच जवळ आली होती, आणि चांदवडची ती पोर तिच्या डोळ्यांपुढून अजून गेली नव्हती. पुन्हा खड्डा खणायचा? तिने बाटल्या बर्फाच्या पिशव्यांमध्ये नीट रचून दिल्या, आणि नव्या पाठवा म्हणून किशोरला निरोप दिला. वर्गात शिकवलं होतं अगदी तस्संच केलं. एवढी शहाणी विद्यार्थीण किशोरला दुसरी मिळाली नसती.

पुढची फेरी आली. सलाइन आलं, तापाच्या गोळ्या आल्या, जुलाबाची पाकिटं आली. सापाची लस आली नाही. संध्याने गेणूला विचारलं; त्याला काय ठाऊक? तिने फोन केला तर फोन मुका. पावसात तो असायचाच. तिने गेणूबरोबर चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पंचवटीत पोचली आणि वाचलीही गेली. तिच्यावर पुढच्या वाटपात नक्की विचार होणार होता.

तेवढ्यात आवणी ऐन भरात आली, आणि मंगळूला खाचराच्या बांधावर पान लागलं.

त्याला घरी नेलंच नाही. बांधावरून तो थेट झिपरूच्या ओट्यावर आला, आणि म्हाताऱ्याने जखम पाहिली, पापण्या पाहिल्या. पापण्या मिटायला लागल्या होत्या. नाग होता तो. झिपरूने तांदळाला हातही लावला नाही. “उचला,” तो ओरडला. “बाईकडं चला. ठरलंय आपलं.” आणि तो म्हातारा काठी टाकून झोळीच्या पुढे पळाला.

दवाखान्याच्या दारात भागीबाई संध्याला म्हणाली, “आनलाय बघ. भगताकडं बी ठेवला नाय. तुजंच ऐकलं.” तिच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याहून जास्त भरवसा होता. संध्याला आयुष्यभर पुरला असता तो भरवसा.

संध्याने फ्रिज उघडला. आत काय नाही हे तिला माहीत होतं, तरी उघडला. गोवराची लस होती, धनुर्वाताची होती. खालचा कप्पा पुसून ठेवलेला होता.

“भागीमावशी, लस नाहीये. नाशिकला न्यावं लागेल. आत्ता.”

“नाय म्हंजी?” भागीबाईला खरंच कळलं नाही. “इथंच ऱ्हाईल म्हनालीस ना तू?”

पेठहून रोज येणारी प्रवासी जीप निघायच्या बेतात होती, ती थांबवली. माणसं उतरवली. मंगळूला आडवं घातलं. उशाशी झिपरू, हाताशी संध्या. अगदी ठरलं होतं तसंच, फक्त मधलं औषध तेवढं नव्हतं. संध्या रबरी फुग्याने त्याच्या छातीत हवा भरत राहिली. रस्ता पाण्याने फुटलेला, सावळघाटात दरड आलेली. एका बाजूने एक गाडी सोडत होते. मंगळूचे डोळे मिटलेले होते, पण त्याला ऐकू येत होतं. नागाचं विष माणसाला शेवटपर्यंत ऐकू देतं. आई बोलली की तो तिचं बोट दाबायचा. मग दाबेनासा झाला. संध्या त्यानंतरही फुगा दाबत होती. झिपरूने तिचा हात धरला, तेव्हा ती थांबली.

जीप घाटातच वळली. परतीच्या वाटेवर भागीबाई मंगळूचं तोंड पदराने पुसत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या, झिंज्या उपटल्या असत्या, तर संध्याला बरं वाटलं असतं.

चार दिवसांनी फोनला कंठ फुटला. किशोरच पहिल्यांदा बोलला, आणि आनंदात बोलला. “सिस्टर, तुमच्या बाटल्यांनी कमाल केली! देवळ्याला कांद्याच्या चाळीत एका बाईला घोणस चावली. दोन लहान मुलं आहेत तिला. वाचली! तुमच्याच बाटल्या, तारीख संपायच्या आत.”

ती बाई वाचली याचं संध्याला वाईट वाटावं, इतकी काही ती वाईट नव्हती. पण बरंही वाटेना. मग तिने मंगळूचं सांगितलं.

“पण मी वाटप गरजेप्रमाणेच…” किशोर म्हणाला. “मागच्या सहा महिन्यांचा वापर पाहिला. देवळा, चांदवड, सगळ्यांचा. त्यावरून पुढचं निघतं. उंबरदरीचा वापर शून्य होता, सिस्टर. शून्याला कशानेही गुणलं तरी…”

“दिवाळी ते मे,” संध्या म्हणाली. “ते सहा महिने इथं माणसंच नसतात, सर. ती सगळी तुमच्याकडे, द्राक्षात असतात. माठ भरलेला राहिला, कारण घरात कुणी नव्हतं. आणि आत्ता, जुलैमध्ये, माझ्याकडे एक माणूस आला आणि औषध नसल्यामुळे मेला. तो कुठे लिहू? तुमच्या हिशेबात वापर म्हणजे जे दिलं ते. जे मागितलं आणि मिळालं नाही, त्याला काय म्हणतात? त्याचं काही शिकवलं नव्हतं तुम्ही.”

किशोर म्हणाला, “नव्हतं.” एवढंच म्हणाला. तो माणूस खोटं बोलणारा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तो स्वतः लस घेऊन आला, गेणूच्या शेजारी बसून, शीतपेटी मांडीवर धरून. त्याने संस्थेचा नियमच बदलून घेतला होता: वापर असो वा नसो, उंबरदरीच्या फ्रिजमधून लस हलणार नाही, तारीख जवळ आली की आधी नवी येईल आणि मगच जुनी जाईल. पावसात भिजत तो भागीबाईच्या घरी गेला. भागीबाईने त्याला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. आल्या माणसाला ते द्यावंच लागतं. तो काय बोलला ते तिने ऐकून घेतलं. मग ती उठून भाताला पाणी सोडायला गेली.

त्या वर्षी वाघबारशीला संध्या गेली नाही. झिपरू गेला होता, पण त्याला बोलायला कुणी सांगितलं नाही. त्याच्या ओट्यावरही आता फारसं कुणी चढत नव्हतं. भगताने गुण सोडला, बाईच्या नादी लागला, असं लोक म्हणत. दिवाळीनंतर पाडा पुन्हा द्राक्षांकडे गेला. भागीबाई गेली, केरू गेला, मंगळूची बायको पोर पाठीशी बांधून गेली. मृगाला सगळे परत आले.

पुन्हा आवणी. दुपारची वेळ. संध्या ओसरीवर कापूस गुंडाळत होती, तर समोरच्या वाटेने झोळी येताना दिसली. ती ताडकन उठली. फ्रिज उघडला. बाटल्या होत्या, नव्याकोऱ्या, ओळीने. तिने सलाइन लटकवलं, सुई काढली आणि दारात येऊन उभी राहिली.

झोळी दवाखान्यासमोरून गेली. थांबली नाही.

संध्याने बाटल्या शीतपेटीत कोंबल्या आणि ती धावत सुटली. झिपरूच्या ओट्यापाशी गाठेन असं तिला वाटलं होतं, पण ओट्यावर म्हातारा एकटाच उभा होता. “केरू हाय,” तो म्हणाला. “मी म्हनलं, बाईकडं न्या. माज्याकडं बगितलं बी नाय कुनी. नदीपल्याडच्या भगताकडं चाललेत.”

नदीवर बुटका फरशी पूल होता, त्याच्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. माणसं एकमेकांचे हात धरून, झोळी डोक्यावर उचलून, पाण्यात शिरत होती. सगळ्यांत मागे भागीबाई होती.

“मावशी! लस आहे! या वर्षी आहे!” संध्याने पेटी उघडून बाटली वर धरली. “इथंच देते, ह्या काठावर. बघ, आहे ना!”

भागीबाई वळली. तिने बाटलीकडे नीट पाहिलं. ती खोटी आहे असं तिला वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

“आसंल,” ती म्हणाली. “तुज्याकडं येऊन एक गेला, बाई. ह्यो तरी ऱ्हाऊ दे मला.”

आणि ती पाण्यात उतरली. संध्या तिच्यामागे पाण्यात गेली, निम्म्या पुलापर्यंत गेली, पेटी डोक्यावर धरून. पलीकडच्या दोन गड्यांनी तिला दंडाला धरून परत काठावर आणून सोडलं. मारलं नाही, ढकललं नाही. लहान पोराला विहिरीपासून लांब न्यावं तसं नेऊन ठेवलं. बर्फ वितळत होता. ती दवाखान्यात परत आली आणि तिने बाटल्या एकेक करून पुन्हा फ्रिजमध्ये लावल्या.

केरू वाचला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या पायांनी नदी उतरून आला. दात लागले होते, पण विष अंगात गेलंच नव्हतं. संध्याला ते कळलं तेव्हा तिला खरोखर आनंद झाला. पण आता पलीकडच्या भगताचं नाव होणार, हेही तिला त्याच क्षणी कळून चुकलं.

झालंही तसंच. पोळ्यापर्यंत आणखी तिघांना पान लागलं. तिघांच्याही झोळ्या दवाखान्यासमोरून, नदीच्या वाटेने गेल्या. दर वेळी संध्या पेटी घेऊन पाण्यापर्यंत गेली. पलीकडून चालत परत आला तो केरू एकटाच.

पोळा झाला, पाऊस ओसरला, फोन लागू लागला. किशोरचा फोन आला. आवाजात धास्ती होती; वर्षभर तो उंबरदरीला फोन करायचा तो तसाच करायचा.

“लस आहे ना, सिस्टर?”

“आहे. सगळी आहे.”

“मग वापर?”

“शून्य,” संध्या म्हणाली.

किशोरने सुटकेचा श्वास सोडला, तो तिला ऐकू आला. “म्हणजे या वर्षी कुणाला काही झालं नाही. बरं झालं, सिस्टर. देव पावला.”

समोरच्या वाटेने भागीबाई चालली होती, डोक्यावर गवताचा भारा, मागे केरू. तिने दवाखान्याकडे पाहिलं नाही.

“कुणी आलं नाही, सर,” संध्या म्हणाली. “एवढंच लिहा. कुणी आलं नाही.”